जासूद म्हणजे हेर की नुसता निरोप्या?

खाडीपलीकडे
आमच्या वाचनालयाने यंदा 'शंभर शब्दांत हेरकथा' अशी स्पर्धा ठेवली. परीक्षक दोघं, मी आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. दोघांनी आपापल्या आवडीच्या तीन कथा काढायच्या आणि मग बसून क्रम लावायचा. निम्म्या कथांत शेवटच्या ओळीला बायकोच हेर निघते. त्यांवर आमचं लगेच एकमत झालं.

अडलंय ते 'जासूद' नावाच्या कथेवर. काळ १७५६, जागा विजयदुर्ग. तुळाजी आंग्र्यांवर जमिनीवरून पेशव्यांची फौज, समुद्रातून इंग्रजांचं आरमार. एक जासूद किल्ल्यातून पत्र घेऊन निघतो, तरीतून खाडी ओलांडताना सवयीने इंग्रजांच्या डोलकाठ्या मोजतो, पत्र पोचवतो आणि जेवायला बसतो. डोलकाठ्या किती, हे त्याला कुणी विचारत नाही. संपली कथा.

माझ्या मते पहिली. सर म्हणतात जासूद म्हणजे निरोप्या, तेव्हा ही हेरकथाच नव्हे, नियमात बसत नाही. माझी आजी खिडकीतून डोकावणाऱ्या शेजाऱ्याला 'मेला जासूद' म्हणायची, हे सांगितलं तर म्हणाले, आजी म्हणजे पुरावा नव्हे. जाणकारांनी सांगावं.

जुनी दौत
सर बरोबर आहेत. पेशवाईतली पत्रं चाळा, जासूदजोडी जागोजागी भेटते. जोडी अशासाठी की एक वाटेत आजारी पडला, पकडला गेला, तरी दुसऱ्याने कागद पोचवावा. काम पायांचं, डोळ्यांचं नव्हे. डोळ्यांच्या कामाला नजरबाज होते.

निवडुंग
अहो दौतराव, मग बहिर्जी नाईक काय टपाल वाटत होते? सभासदाच्या बखरीत ते जासूदच आहेत, आणि सुरतेत घबाड आहे ही बातमी त्यांनीच आणली, म्हणून तर १६६४ ची सुरत झाली. मूळ अरबी जासूस, तो सरळसरळ हेर. हिंदीने तोच अर्थ धरून ठेवला.

जुनी दौत
मूळ शब्द काय, यावर अर्थ ठरत असता तर आपण आजही 'मृग' म्हणून कुठलंही जनावर दाखवलं असतं. शंभर वर्षांत शब्द घसरतो. बहिर्जींचा जासूद आणि १७५६ चा जासूद एकच धरू नका.

बांगडा फ्राय
दारातली लाल जास्वंद बघून माका एक सुचलां. गुजरातीत जास्वंदीक जासूदच म्हणतत. पूर्वी ह्ये निरोपे पागोट्यात लाल फूल खोवत असतले, ओळख पटाक. म्हणान नाव पडला. कसां?

निवडुंग
लाल फूल खोवून फिरणारा हेर! बांगडेभाऊ, तो पहिल्याच नाक्यावर सापडला असता.

जुनी दौत
आणि पहिल्याच नाक्यावर सापडून चाललं असतं, म्हणजे तो निरोप्याच. बघा, माझाच मुद्दा.

शुद्धमती
मुळात हा परकीय शब्द हवाच कशाला? रत्नागिरीत १९२४ ते १९३७ स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीसाठी एवढं लिहिलं, आणि त्याच किनाऱ्यावर आपण जासूद नि खबरी घेऊन बसलोय. 'हेर' हा आपला, प्राकृतातून आलेला, संस्कृतातही 'हेरिक' आहे. असले शब्द साफ काढून टाकावेत. आणि 'गुप्तहेर' तर नकोच, हेर काय दवंडी पिटून हेरगिरी करतो?

निवडुंग
'साफ' कुठून आला ते आधी बघा, ताई.

शुद्धमती
बोलण्याच्या ओघात आला. मुद्दा त्याने बदलत नाही.

बांगडा फ्राय
हेर आपलो म्हणतास ता बरां केलास. माझो बापूस रापणीच्या टायमाक कड्यावर उभो ऱ्हवान पाण्याचो रंग बघी. पाणी काळवंडलां, वर पक्षी फिराक लागले की खाली हात करून दाखवी, मगे होडी सुटा. तेका गावात सगळे म्हणत, 'ह्येनाच मासो हेरलो'. पण तेका हेर कोण म्हणूक नाय कधी. हेरणारो तो हेर, असां असता तर माझो बापूस गुप्तवार्ता विभागात साहेब झालो असतो.

भरतीओहोटी
हे छान सांगितलंत. म्हणजे हेरणं सगळ्यांचं, हेर मात्र पगारी. खाडीपलीकडे यांच्या कथेत तर नेमकं उलट आहे, मोजणं फुकटचं आणि पगार चालण्याचा. मला वाटतं कथेची गंमत तिथेच आहे.

जाता जाता, शंभर शब्द मोजले कसे? मी एका स्पर्धेत होते तेव्हा एकाने 'झाडावरूनखालीउतरून' असं सलग लिहून सतरा शब्द वाचवले होते. उलट दुसरा बिचारा 'घरा समोर', 'त्याच्या साठी' असं तोडून लिहायचा आणि हकनाक बाद झाला. शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं हे ज्याला माहीत, त्याला मराठीत शंभर शब्द चांगले सव्वाशेसारखे वापरता येतात.

निवडुंग
शब्दमोजणीचा वेगळा धागा काढा. इथे फाटे नकोत. काशीद राहिला ना! निरोप्याला खरा शब्द काशीद, अरबी कासिद. मुरूडजवळचं काशीद गाव त्यावरूनच पडलं असणार. जंजिऱ्याची टपालं तिथे थांबत असतील.

भरतीओहोटी
काशीद नावाचं झाड असतं हो, पिवळ्या फुलांचं, रस्त्याकडेला वनखात्याने रांगेने लावलेलं. गावांना झाडांची नावं कोकणात काय कमी आहेत? वडगाव, पिंपळगाव, आंबोली…

निवडुंग
आंबोली घाटावर, कोकणात नव्हे.

बांगडा फ्राय
आंबोली सिंधुदुर्गात. जिल्हो बघून बोला.

जुनी दौत
आणि ते काशीदचं झाड मूळचं बाहेरचं. गाव जुनं असेल तर नाव झाडावरून पडणार कसं? म्हणून निवडुंगांची टपालचौकी खरी, असंही नाही.

खाडीपलीकडे
मंडळी, मला उद्या संध्याकाळी सरांसमोर बसायचंय. तेव्हा एक पर्याय सुचवते. माझ्या यादीत दुसरी कथा आहे थिबा राजाची. १८८६ मध्ये ब्रह्मदेशाच्या राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्या मुदपाकखान्यातली बाई राजाची खबर कलेक्टरला देते आणि कलेक्टरची राजाला, दोन्हीकडून नारळ घेते. 'दुहेरी हेर' म्हणायचं का तिला? सरांना ती पसंत आहे, पण मला त्यात जीव दिसत नाही. बेतलेली वाटते. वाचताना टाळी घेते आणि चहा संपेपर्यंत विसरायला होते. डोलकाठ्या मात्र आठवडाभर डोक्यात आहेत.

शुद्धमती
दुहेरी कशाला? कौटिल्याने नेमका शब्द देऊन ठेवलाय, 'उभयवेतन'. दोन्हीकडून पगार खाणारा. अर्थशास्त्रात आहे.

बांगडा फ्राय
नारळ पगारात धरतत काय?

शुद्धमती
आणि मुदपाकखान्यातली म्हणालात म्हणून, त्याच अर्थशास्त्रात विष घालणाऱ्या हेराला 'रसद' म्हटलंय. रस देणारा तो रसद.

निवडुंग
रसद म्हणजे फौजेचं धान्य. फारसी. उगाच कौटिल्याच्या गळ्यात मारू नका.

जुनी दौत
दोन वेगळे शब्द आहेत, दोघांनीही जरा थांबा.

निवडुंग
थांबतो कशाला, मग किल्ल्याची रसद तोडली म्हणजे काय, विष घालणारे पकडले?