अण्णांच्या रिपोर्टवर 'हर-टू २+' आलंय. हे पॉझिटिव्ह धरायचं का?

मागवाला_सोलापूर:
नमस्कार. मी विडी घरकुलात राहतो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो, वय ६१, सगळी हयात टॉवेलच्या कारखान्यात मागावर गेली. दिवाळीपासून दोन घास खाल्ले की "पोट भरलं" म्हणायचे. शेंगाचटणी-कडक भाकरीवर जीव असलेला माणूस, आणि ताटात भाकरी तशीच राहायला लागली. आम्ही पित्त समजून गोळ्या देत बसलो. त्यात तीन महिने गेले, ते मनातून जात नाही.

दुर्बिणीतून तुकडा काढला. जठराचा कॅन्सर, डिफ्यूज म्हणजे विखरून पसरणारा प्रकार, सिग्नेट रिंग म्हणजे अंगठीसारख्या दिसणाऱ्या पेशी. लिव्हरमध्येही दोन गाठी आहेत. हर-टूच्या तपासणीत '२+' आलं, म्हणून डॉक्टरांनी 'फिश' करायला सांगितलं. जिथं तुकडा तपासला तिथं गेलो तर काउंटरवरून "मटेरियल संपलं, परत दुर्बीण करा" असं उत्तर मिळालं. अण्णा परत नळी घालून घ्यायला तयार नाहीत.

दुसरं म्हणजे, आमची आत्या ४४व्या वर्षी जठराच्याच कॅन्सरनं गेली. मला दोन मुली आहेत. हे रक्तातून येतं का, कुणीतरी सांगा की.

लॅबताई:
दादा, मी १९ वर्षं सोलापुरातच पॅथॉलॉजी लॅबमध्ये ब्लॉक कापते. काउंटरवरच्या तोंडी उत्तरावर परत येऊ नका. "पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड द्या" असा अर्ज लिहून द्या. ब्लॉक म्हणजे मेणाची छोटी वडी, प्लॅस्टिकच्या जाळीदार कॅसेटवर बसवलेली, कडेला अण्णांचा नंबर. उजेडात धरली की मेणात तांदळाच्या कणीएवढे करडे ठिपके दिसतील, तेच तुकडे. आम्ही त्यातून ३-४ मायक्रॉनचे काप काढतो, त्यामुळं एवढ्याशा कणीतूनही बरेच काप निघतात. कधी खरंच संपतं, पण ते पॅथॉलॉजिस्टनं ब्लॉक बघून सांगायचं.

२+ म्हणजे पॉझिटिव्ह नाही, निगेटिव्हही नाही. पेशीच्या कडेला हर-टूचं प्रथिन किती रंगलं ते बघतात. ०, १+ निगेटिव्ह, ३+ पॉझिटिव्ह. २+ असेल तर फिशमध्ये जनुकाच्या प्रतीच मोजतात. अंधाऱ्या पडद्यावर प्रत्येक पेशीत रंगीत ठिपके दिसतात, एक रंग हर-टूचा, दुसरा ते जनुक ज्या गुणसूत्रावर असतं त्या १७ नंबरचा. हर-टूचे ठिपके दुपटीनं किंवा जास्त भरले तर पॉझिटिव्ह, मग केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध देता येतं. २०१० पासून जठराच्या कॅन्सरमध्ये ते वापरात आहे.

खोटी आशा लावत नाही. डिफ्यूज प्रकारात हर-टू कमी वेळा सापडतं. म्हणून डॉक्टरांना विचारा, त्याच ब्लॉकवर एमएमआरची (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी) चार प्रथिनं, पीडी-एल१ (गाठीला प्रतिकारशक्तीपासून लपवणारं प्रथिन) आणि क्लॉडिन १८.२ (पेशीच्या कडेचं आणखी एक प्रथिन) यांच्या तपासण्या एकदमच करायच्या का. या प्रत्येकावर वेगळं औषध ठरू शकतं. दर वेळी ब्लॉक नव्यानं मशीनवर लावला की सपाट करण्यातच थोडा तुकडा वाया जातो. आणि परत दुर्बीण करायचीच वेळ आली तर सहा-आठ तुकडे घ्यायला सांगा. जठरात हर-टू ठिकठिकाणी असतं, एका तुकड्यात असेल तर शेजारच्यात नसेल.

बार्शीची_लेक:
तुमच्या मुलींसाठी लिहितेय. लॅबताईंनी सांगितलेला हर-टूचा बदल गाठीतला, तो मुलांकडे जात नाही. जन्मतः असणारा दोष वेगळा, तो बहुतेकदा सीडीएच-१ जनुकात असतो. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात तो पहिल्यांदा सापडला. डिफ्यूज प्रकार आणि घरात जठराचा दुसरा रुग्ण, म्हणजे ही तपासणी नक्की विचारा. पण आधी अण्णांचं रक्त द्या, मुलींचं नाही. त्यांच्यात दोष निघाला तर तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. तुमच्यात नसेल तर तुमच्या बाजूनं तो मुलींकडे जाणारच नाही. बायकांना यात स्तनाच्या लोब्युलर (दूधग्रंथींतल्या) कॅन्सरचाही धोका असतो, त्यामुळं तुमच्या बहिणींनाही सांगा.

आमच्या घरात निघाला. हा कॅन्सर अस्तराच्या आत पसरतो, दुर्बिणीतून लवकर दिसत नाही, म्हणून माझ्या बहिणीनं आजार नसतानाच पूर्ण जठर काढून घेतलं. आता दिवसातून सहा वेळा अर्धी-अर्धी पोळी खाते, बी-१२चं इंजेक्शन घेते, आणि शाळेत शिकवते. अण्णा आहेत तोवर रक्त द्या, भाऊ. आमचे बाबा गेल्यावर कळलं, तेव्हा कुणापासून सुरुवात करायची तेच समजेना.

मागवाला_सोलापूर:
लॅबताई, अर्ज दिला, ब्लॉक मिळाला. संपला नव्हता. तीन करडे कण आहेत, तुम्ही म्हणालात तसेच. अण्णांनी हातात घेऊन खिडकीपाशी धरून बघितला. मागावर तुटलेला धागा बघायचे तसंच. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी बघून सांगितलं, फिशला पुरेल.

बार्शीच्या ताई, अक्कलकोटला मामांच्या ट्रंकेत आत्याची फाइल सापडली. कागद पिवळा पडलाय पण 'सिग्नेट रिंग' स्पष्ट वाचता येतंय. सोमवारी अण्णांचं रक्त देतोय. दोन्ही बहिणींना काल फोन केला. धाकटी काहीच बोलली नाही, तिला आज परत करतो.