कोळसा बदलल्यावर ईएसपीचा करंट वाढला, तरी चिमणीतून राख का जाते?

प्रश्न:
नमस्कार. मी विदर्भातील एका औष्णिक वीज केंद्रात ईएसपीची, म्हणजे धुरातली राख विजेच्या जोरावर प्लेटवर पकडणाऱ्या यंत्रणेची, देखभाल पाहतो. पंधरवड्यापासून कमी गंधकाचा कोळसा येत आहे. तेव्हापासून मधल्या दोन फील्डचे (ईएसपीच्या विभागांचे) व्होल्टेज ४५ किलोव्होल्टवरून ३० वर उतरले, करंट मात्र वाढला, आणि चिमणीतून करडा धूर दिसू लागला. करंट वाढला की राखही जास्त पकडली जाते, ही माझी समजूत कुठे चुकते?

उत्तर १:
ही लक्षणे बॅक कोरोनाची, म्हणजे प्लेटवरच्या राखेच्या थरातून उलट्या दिशेने होणाऱ्या विद्युत विसर्गाची दिसतात. ऋण प्रभार घेऊन प्लेटवर बसलेल्या राखेतला प्रभार थरातून झिरपून अर्थिंगकडे जावा लागतो. पण कोळशात गंधक कमी असले की धुरात सल्फर ट्रायऑक्साइड कमी तयार होतो, राखेच्या पृष्ठभागाला वाहकता मिळत नाही, आणि प्रभार थरातच अडकून पडतो. शेवटी थर आतून फुटतो आणि धन आयन उलटे वायूत घुसून येणाऱ्या कणांचा प्रभार पुसून टाकतात. आपल्या मीटरवर वाढलेला करंट त्यांचाच आहे, त्याने राख धरली जात नाही. राखेचा विद्युत रोध साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वाधिक असतो, आणि आपली ईएसपी जवळपास त्याच तापमानाला चालते, हे आपले दुर्दैव. करंटची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणा. व्होल्टेज चढू लागले तर निदान पक्के समजा. टीआर सेटच्या (फील्डला उच्च दाबाची वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायरच्या) कंट्रोलरमध्ये खंडित चार्जिंगची, म्हणजे वीज सलग न देता थांबून-थांबून देण्याची, सोय असल्यास तीही वापरून पाहावी.

उत्तर २:
वरील निदानाशी सहमत आहे, पण रॅपिंगही, म्हणजे हातोड्यांनी प्लेट ठोकून राख झाडण्याची व्यवस्थाही, तपासा. आमच्याकडे शटडाउनमध्ये, फील्ड अर्थ करून दार उघडले, तेव्हा एका रांगेतील प्लेटवर बोटभर जाडीचा थर गिलाव्यासारखा चिकटलेला होता. त्या रांगेच्या हातोड्याची पिन तुटली होती, आणि बाहेर शाफ्ट मात्र व्यवस्थित फिरत होता.
हा रोधाचा प्रश्न जुना आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांचा विजेने धूळ पकडण्याचा १८८५ च्या सुमाराचा वेल्समधील शिसे-भट्टीवरचा प्रयोग फसला, त्यात तोकड्या वीजयंत्राइतकाच शिशाच्या धुळीचा प्रचंड रोधही आड आला. कॅलिफोर्नियात अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९०७ मध्ये सुरुवात केली ती गंधकाम्लाच्या धुक्यापासून. ते थेंब प्लेटवरून आपोआप ओघळतात, त्यामुळे ही अडचण त्यांना तेव्हा आलीच नाही.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. काल करंटची मर्यादा कमी केली, तर व्होल्टेज ३८ पर्यंत चढले आणि धूर स्पष्टपणे विरळ झाला. हातोड्यांची तपासणी पुढच्या शटडाउनच्या यादीत सर्वांत वर लिहिली आहे.