कोडीनला ‘सौम्य’ औषध म्हणावे का?

मूळ मत:
कोडीन हे अफूवर्गीय वेदनाशामक कोणत्याही देशात डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळू नये, असे माझे ठाम मत आहे. हे औषध स्वतः वेदना फारशी शमवत नाही. यकृतातील सीवायपी२डी६ या विकरामुळे (एन्झाइममुळे) त्याच्या साधारण ५ ते १० टक्के भागाचे मॉर्फिन होते, तेव्हा कुठे गुण येतो. हा विकर काहींच्या शरीरात जवळजवळ निष्क्रिय असतो, तर काहींच्या शरीरात फार वेगाने काम करतो. त्यामुळे त्याच ३० मिलिग्रॅमच्या गोळीने एकाचे दुखणे जराही हलत नाही आणि दुसऱ्याला गुंगी येऊन त्याचा श्वास मंदावतो. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही मुले अशीच दगावली. त्यावरून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी ते निषिद्ध ठरवले.

प्रतिसाद १:
मुलांबाबत दुमत नाही, पण त्यांचा दाखला प्रौढांना सरसकट लावणे मला पटत नाही. पोटातील व्रणामुळे किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना आयब्युप्रोफेन हे दुसरे वेदनाशामक चालत नाही, त्यांनी रात्रभर दाढदुखी सोसत बसावे काय? पॅरासिटामॉलच्या जोडीने कोडीन चांगला आराम देते, आणि दोन-तीन दिवसांच्या वापराने सहसा कुणी व्यसनी होत नाही.

मूळ मतकर्ता:
व्रणाचे उदाहरण मान्य. मूत्रपिंडाचे मात्र तुमच्याच विरोधात जाते, कारण ते अधू असल्यास मॉर्फिनपासून बनणारी द्रव्ये शरीरात साठत जातात. कोडीनसोबत दुसरे वेदनाशामक असलेल्या एकत्रित गोळीचा धोकाही वेगळाच आहे. सवय लागलेला माणूस कोडीनसाठी गोळ्या वाढवतो, पण सोबतचे पॅरासिटामॉल यकृत पोखरते. जोडीला आयब्युप्रोफेन असेल, तर जठरातून रक्तस्राव होऊ शकतो आणि रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ऑस्ट्रेलियाने १ फेब्रुवारी २०१८ पासून चिठ्ठी सक्तीची केली, ती उगाच नव्हे.

प्रतिसाद २:
चिठ्ठी सक्तीची असावीच, पण ती लिहिणाऱ्याने विचारपूसही केली पाहिजे. झोपेच्या गोळ्या किंवा मद्य सोबत असेल, तर श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरील औषध सीवायपी२डी६ हाच विकर रोखते, त्यामुळे कोडीनचा गुण येत नाही आणि रुग्ण आपणहून मात्रा वाढवतो. स्तनदा मातेला तर कोडीन देऊच नये. साध्या सर्दी-खोकल्यात कोडीनचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते. जे महिनोन्महिने घेत आहेत, त्यांचे औषध एका फटक्यात तोडू नये. घाम, अस्वस्थता, जुलाब आणि निद्रानाश सुरू होतात, म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी.