अनुभव धागा: फोर्ड बीबी आणि मंगळावरचे पंधरा भाग

काल १९३८चं 'फ्लॅश गॉर्डन्स ट्रिप टू मार्स' (फ्लॅश गॉर्डन या अंतराळवीराची, भागाभागांनी थिएटरात दाखवलेली चित्रपट-मालिका) पुन्हा लावलं आणि तिचा दिग्दर्शक फोर्ड बीबी आठवला. जन्म १८८८, मिशिगनमधलं ग्रँड रॅपिड्स. आधी लेखक, मग दिग्दर्शक. १९३६ची पहिली फ्लॅश मालिका फ्रेडरिक स्टेफनीची, पण पुढच्या दोन्हींवर (१९३८ची ही मार्सवाली आणि १९४०ची) बीबीचं नाव आहे. मार्सवालीचे १५ भाग, प्रत्येक साधारण २० मिनिटांचा. पाच तास! जाणकारांनो, लिहा.

•

मातीची माणसं!! भिंतीतून बाहेर येतात ती. कॅमेरा पक्का बांधायचा, रिकामी भिंत घ्यायची, मग नट भिंतीला चिकटून उभे करून तीच चौकट परत, आणि एकातून दुसऱ्यात डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र विरत दुसरं उमटतं. मधे स्टँड केसभर हललं तरी दगडांच्या कडा दुहेरी दिसतात. कुकर झाला, येते.

•

आणि तो धूर? तारेवर टांगलेलं यान पुढे, धूर सरळ वर. बंद स्टुडिओत हवा हलत नाही, गरम धूर वरच चढणार. छोटं मॉडेल जड वाटावं म्हणून चित्रीकरणात सेकंदाला फ्रेम वाढवतात: एक-नवमांश मॉडेल, नऊचं वर्गमूळ तीन, म्हणून २४ऐवजी ७२. चाल संथ होते, धुराची दिशा तीच राहते.

•

एकटा नव्हता हो तो. सोबतचे दिग्दर्शक बघा: मार्सला रॉबर्ट हिल, १९४०च्या फ्लॅशला रे टेलर, 'बक रॉजर्स' या दुसऱ्या अंतराळ-मालिकेला (१९३९, १२ भाग) सॉल गुडकाइंड. गुडकाइंड मूळचा संकलक, जुनी रिळं नव्या गोष्टीत बसवायला असाच माणूस लागतो. 'बक'मध्ये मार्सचे तुकडे सापडतात.

•

वरच्याला अनुमोदन. १९४०च्या मालिकेतला बर्फ 'व्हाइट हेल ऑफ पिट्झ पालू'चा (१९२९) आहे. लांबचे गिर्यारोहक जुन्या फिल्ममधले, जवळचे चेहरे नवे. टोपी-कोट जुळले नाहीत तर जोड लगेच उघडा पडतो, म्हणून वेशभूषा जुन्या फिल्मवरून ठरवायची.

•

'मागील भागात' कसं सांगतात तेही बघा. मार्समध्ये पडद्यावर चित्रकथेच्या चौकटी, 'बक' आणि १९४०च्या फ्लॅशमध्ये तिरपी वर सरकत लहान होणारी अक्षरं. ती अक्षरं पुढे 'स्टार वॉर्स'मध्ये गेली ते सगळ्यांना माहीत आहे :)

•

'नाइट मॉन्स्टर' (१९४२) पाहिलाय का कुणी? तोही बीबीचाच. भयपट आहे, पण बघाच.

•

नट बस्टर क्रॅब फ्लॅशही आणि बकही! मुलं गोंधळत नसतील का?

•

केसांवरून ओळखायचं. फ्लॅश सोनेरी, बक काळा.