सोप सेवेचा रिस्पॉन्स जेसन करून तपासला, तर ती चाचणी म्हणायची का?

उलटतपासणी
बँका, विमा, विमान आरक्षण अशा क्षेत्रांत सोप सेवा (एक्सएमएल मेसेजने बोलणाऱ्या वेब सेवा) अजून भरपूर आहेत, पण त्यांची चाचणी आता सर्रास पोस्टमन या एपीआय चाचणीच्या टूलमध्ये होते. बॉडीत रॉ आणि एक्सएमएल निवडायचं, एन्व्हलप, म्हणजे वेष्टनासकट अख्खा सोप मेसेज, चिकटवायचं, सेंड करायचं. रिस्पॉन्स आला की टेस्ट स्क्रिप्टमध्ये तयार फंक्शनने त्याचं जेसन (एक्सएमएलपेक्षा साधं डेटा स्वरूप) करायचं, दोन-तीन व्हॅल्यू जुळवायच्या आणि तिकीट बंद. याला चाचणी म्हणायची माझी तयारी नाही.

जेसन करतानाच माहिती गळते. खात्यावर एकच व्यवहार असेल तर त्या फंक्शनमधून ऑब्जेक्ट मिळतो, दोन असतील तर ॲरे (यादी). म्हणजे टेस्ट पास की फेल हे सेवेवर नाही, त्या दिवशीच्या डेटावर ठरतं. क्रमाकडेही कुणी बघत नाही. एक्सएसडीत, म्हणजे एक्सएमएलची रचना ठरवणाऱ्या स्कीमात, सिक्वेन्स असेल तर घटकांचा क्रम कराराचाच भाग असतो. सर्व्हरने तारीख आणि रक्कम यांची अदलाबदल केली तर स्कीमा तपासणारा क्लायंट तो रिस्पॉन्स फेटाळेल. आपली टेस्ट मात्र हिरवीच.

नेमस्पेसचं प्रकरण याहून गंभीर आहे. टॅगआधीचा प्रीफिक्स काहीही असू शकतो, अर्थ त्याच्यामागच्या यूआरआयला, म्हणजे नेमस्पेसच्या वेब पत्त्यासारख्या नावाला, असतो. सर्व्हरची लायब्ररी बदलली आणि 'सोपएन्व्ह'च्या जागी नुसतं 'एस' आलं तर करार तसाच राहतो, पण टेस्ट फुटते. उलट प्रीफिक्स तोच राहून यूआरआय बदलला तर सगळे क्लायंट कोलमडतात आणि टेस्ट पास होते.

सोपयूआय हे चाचणीचं टूल डब्ल्यूएसडीएल (सेवेचं वर्णन करणारी फाइल) वाचून नमुना रिक्वेस्ट बनवतं, रिस्पॉन्स स्कीमाशी ताडून बघतं, एक्सपाथ (एक्सएमएलमधला नेमका भाग शोधायची भाषा) चालवतं. सोपसाठी तेच वापरावं.

रोजचाबिल्ड
असहमत. एका सोयीच्या फंक्शनचा राग तुम्ही अख्ख्या टूलवर काढताय. पोस्टमनच्या सँडबॉक्समध्ये (टेस्ट स्क्रिप्ट जिथे चालतात तिथे) एक्सएमएलटूजेएस ही लायब्ररी थेट मिळते. तिला प्रत्येक घटक ॲरे म्हणूनच द्यायला सांगा, प्रीफिक्स काढून टाकायला सांगा. ऑब्जेक्ट-ॲरेची भानगडही मिटली आणि 'एस'चीही.

दुसरं, टीमचं बघा. बाकी सगळ्या सेवा रेस्ट (बहुधा जेसन वापरणारी साधी पद्धत), पोस्टमनची कलेक्शन (साठवलेल्या रिक्वेस्टचे संच) तयार आहेत, बिल्डच्या पाइपलाइनमध्ये न्यूमन (पोस्टमनचा कमांड लाइन रनर) रोज चालतं. दोन सोप सेवांसाठी वेगळं टूल आणलं की ते एकाच माणसाला येतं. तो रजेवर गेला की त्या टेस्ट कुणी चालवत नाही. शिवाय सोपयूआयच्या मोफत आवृत्तीत सगळा प्रोजेक्ट एकाच एक्सएमएल फाइलमध्ये असतो. दोघांनी एकदम हात लावला की मर्ज करताना डोकं फिरतं. रोज चालणारी साधी टेस्ट मला जास्त मोलाची वाटते.

उलटतपासणी
@रोजचाबिल्ड, एक्सपोर्ट केलेलं कलेक्शनही एकच जेसन फाइल असते, आणि सोपयूआयलाही कमांड लाइन रनर आहे. आणि नुसता प्रीफिक्स काढून टाकला तरी यूआरआय बदलल्याचं कळत नाहीच.

हेडरवाचक
मी पोस्टमनच्या बाजूने आहे, पण वेगळ्या कारणासाठी. सोपयूआय इतकं आपणहून करतं की नवीन टेस्टरला तारेवरून काय गेलं ते कळतच नाही. पोस्टमनमध्ये एक्सएमएल निवडलं की कंटेंट-टाइप 'ॲप्लिकेशन/एक्सएमएल' जातो. सोप 1.1 ला 'टेक्स्ट/एक्सएमएल' आणि वेगळा सोपॲक्शन हेडर लागतो, 1.2 मध्ये 'ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल' आणि ॲक्शन त्याच हेडरच्या आत. 415 (हा कंटेंट-टाइप चालत नाही) आला, हेडर हाताने बदलला, मग रिस्पॉन्स आला, हे ज्याने केलंय तो दोन आवृत्त्यांतला फरक विसरत नाही.

फॉल्टचं, म्हणजे सोपच्या एरर मेसेजचंही तसंच. 1.1 मध्ये फॉल्ट 500 स्टेटसनेच यायचा असतो, 1.2 मध्ये चूक पाठवणाऱ्याची असेल तर 400. चुकीचा खाते क्रमांक मुद्दाम पाठवायचा आणि 500 दिसला की 'सर्व्हर पडला' असा बग टाकायचा, हे फार होतं. स्टेटस बघून थांबू नका, फॉल्टकोड वाचा. हे शिकवणं कुठल्याही टूलपेक्षा महत्त्वाचं आहे.

कुलूपकिल्ली
सुरक्षेबद्दल कुणीच बोललं नाही. डब्ल्यूएस-सिक्युरिटीत (सोपच्या सुरक्षा मानकात) नुसता पासवर्ड डायजेस्ट (पासवर्डऐवजी पाठवायचा हॅश) असेल तर पोस्टमनच्या प्री-रिक्वेस्ट स्क्रिप्टमध्ये जमतं: नॉन्स (एकदाच वापरायची रँडम व्हॅल्यू), वेळ आणि पासवर्ड जोडून एसएचए-1 हॅश, मग बेस64. फक्त नॉन्स आधी डिकोड करून मूळ बाइट घ्यायचे. बेस64 मजकूर तसाच जोडला की सर्व्हर नाकारतो, आणि फॉल्टमध्ये सहसा कारण नीट येत नाही.

पण मेसेजवर डिजिटल सही लागत असेल तर वाद संपला. सही करण्याआधी एक्सएमएल ठरलेल्या प्रमाण रूपात आणावं लागतं, आणि सही केलेल्या भागात नंतर दोन टॅगांच्या मध्ये एक स्पेस वाढली तरी सही बाद. सोपयूआयला कीस्टोर (सहीच्या किल्ल्यांची फाइल) दिला की ते हे करतं. पोस्टमनमध्ये स्क्रिप्टने हे करत बसणं वेळेची नासाडी आहे.

रोजचाबिल्ड
सहीबाबत मान्य. तिथे मीही सोपयूआय घेईन. पण बहुतेक अंतर्गत सेवांना सही नसते, आणि स्कीमा तपासायला टूल बदलायची गरज नाही. न्यूमनने रिस्पॉन्स फाइलमध्ये टाका आणि पाइपलाइनच्या पुढच्या पायरीत एक्सएमएललिंट या एक्सएमएल तपासणाऱ्या कमांडला एक्सएसडी द्या. एन्व्हलप सोलत बसू नका, आतला भाग कापताना वर जाहीर केलेले नेमस्पेस सुटू शकतात. एक छोटी एक्सएसडी लिहा, तिच्यात सोप एन्व्हलपची स्कीमा आणि सेवेची स्कीमा दोन्ही इम्पोर्ट करा. क्रम, प्रकार, सक्तीचे घटक, सगळं तपासलं जातं.

उलटतपासणी
ही कल्पना आवडली. इतकं रोज चालत असेल तर पोस्टमनबद्दलचा माझा विरोध बराच कमी होतो. पण एक भोक राहतं. एन्व्हलपच्या स्कीमात बॉडीच्या आत काहीही चालतं, आणि तपासणी 'लॅक्स' आहे: घटकाची व्याख्या सापडली तर तपास, नाही सापडली तर सोडून दे. यूआरआय बदलला की व्याख्या सापडणार नाही आणि एक्सएमएललिंट मुकाट पास म्हणेल. मी ज्या बिघाडापासून सुरुवात केली तोच निसटतो. आरपीसी शैलीच्या सेवेत (जिथे बॉडीत ऑपरेशनवरून नाव घेतलेला घटक येतो) हा बाहेरचा घटक स्कीमात नसतोच, त्यामुळे तिथेही हेच.

रोजचाबिल्ड
बरोबर, हे ध्यानात नव्हतं आलं. मग त्याच पायरीत आणखी एक तपासणी हवी: बॉडीच्या पहिल्या घटकाचा नेमस्पेस यूआरआय एक्सपाथने काढायचा आणि डब्ल्यूएसडीएलमधल्याशी अक्षरशः ताडायचा. एका ओळीचं काम आहे. आरपीसी सेवांसाठी बाहेरच्या घटकाची व्याख्या आपणच त्या छोट्या एक्सएसडीत लिहावी लागेल. तिथे सोपयूआय सोपं पडेल, हे मानतो.