मदत हवी आहे: ५ ते १४ वर्षांची तीसेक लेकरं, सगळ्यांना एकत्र कसं खेळवावं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव बीड जिल्ह्यात, धारूरकडं. तरुण मंडळानं गणपतीनंतर रविवारी संध्याकाळी लेकरांसाठी खेळाचा तास सुरू केलाय, मारुतीसमोरच्या मोकळ्या जागेत. खेळ मीच घेतो, सोबतीला कॉलेजची एक ताई असते.

दिवाळी झाली की गावातले लई जण ऊसतोडीला जातेत, कोणी कोल्हापूर-सांगलीकडं कोणी कर्नाटकात, अन् येतेत ते पार पाडव्याच्या आसपास, लेकरं मागं आजी-आजोबांकडं. त्यामुळं सातवी-आठवीच्या पोरी खेळायला येतात तवा कडेवर धाकटं भावंड असतंच, त्याला सोडता येत नाही, मग त्या कट्ट्यावर बसून नुसत्या बघायल्यात. घरचं पाणी-भाकरी उरकून आलेल्या असतात, खरं तर त्यांनाच आधी खेळायला मिळालं पाहिजे असं मला लई वाटतं.

दुसरी अडचण आऊटची. संगीत खुर्ची घ्या नाहीतर डोंगराला आग लागली घ्या, सगळ्यात बारकं पहिल्यांदा आऊट, मग खेळ संपेस्तोवर ते बसूनच. कच्चं लिंबू केलं तर पाच वर्षांची खूष पण सात-आठची रुसतात. खो-खोत एका टायमाला आठ बसलेले, एक पळणारा अन् समोरून तिघंच, म्हणजे बाकी सगळे प्रेक्षक, त्यात मोठाली पोरं बारक्यांना खोच देत नाहीत.

साहित्य म्हणाल तर रबरी चेंडू, चुना अन् लगोरीला फरशीचे तुकडे. कडेला सराटे आहेत अन् बरीच लेकरं अनवाणी असतात, म्हणून लांब पळायचे खेळ नकोत. कुणी असा गट सांभाळला असंल तर सांगा.

प्रतिसाद:
दादा, साखळी घ्या. जो सापडला तो हात धरून साखळीत येतो, म्हणजे आऊट कोणीच नाही, उलट पकडणारे वाढत जातात. चार झाले की साखळी तोडून दोन-दोनच्या जोड्या करायच्या, नाहीतर लांब साखळीत बारकी फरफटतात. चालता येणारं भावंड असंल तर त्याची मोठी बहीण अन् ते मिळून एकच गडी धरा.
रुमाल पण भारी चालतो, नंबर पुकारला की दोन्ही गटांतले त्या नंबरचे गडी मधला रुमाल पळवायला येतात. दोन्ही गटांना उंचीप्रमाणं उभं करा अन् बुटक्याकडून नंबर द्या, म्हणजे १ नंबरसमोर १ नंबरच येतो, सहा वर्षांच्याला तेराच्याशी झटापट करावी लागत नाही. अन् डोंगराला आग लागलीत जो एकटा उरला त्याला बाहेर काढूच नका, पुढचा आकडा त्यानं ओरडायचा. आमच्याकडं तर लेकरं मुद्दाम एकटी राहायलीत!

प्रतिसाद:
वरचं सगळं बरोबर, पण भावंडं पोरींनीच का धरावीत? दर खेळाला दोन-तीन मोठ्या पोरांची पाळी लावा, सावलीत बारक्यांना गोट्या-खडे न देता मोठा चेंडू द्या, बारकं काहीही तोंडात घालतं.

धागाकर्ता:
लई आभार दोघांचेही. या रविवारी रुमालच घेतो, उंचीनं. पाळीचं पटलं, पण धाकटी लेकरं अनोळखी पोराकडं गेली की रडायलीत अन् त्यांची बहीण लगेच पळत येती. त्यांना हळूहळू सवय कशी लावली ते तेवढं सांगा.