तिघांचा गट योग्यच होता
काही जण म्हणतात की ब्रिटिश डार्ट्स संघटनेतून फुटून निघालेल्या खेळाडूंनी १९९४च्या आपल्या पहिल्या जागतिक डार्ट्स (फलकावर छोटे बाण फेकण्याचा खेळ) स्पर्धेत सरळ बाद फेरीच ठेवायला हवी होती. मला नाही पटत. खेळाडू होते जेमतेम २४. म्हणून तिघातिघांचे आठ गट, गटातला पहिला थेट उपांत्यपूर्व फेरीत. एक सामना हरला की लगेच गाशा गुंडाळायचा, असं नव्हतं. इंग्लंडमधल्या पर्फ्लीटच्या बुटक्या छताच्या सर्कस टॅव्हर्न या सभागृहात ब्रिस्टो, लो यांच्यासारखे दिग्गज प्रेक्षकांना किमान दोनदा दिसले, हे केवढं मोठं! खोट एकच: एकाने दोन्ही सामने जिंकले की उरलेल्या दोघांच्या लढतीला अर्थ उरत नाही. अंतिम सामन्यात प्रीस्टलीने टेलरला ६-१ अशा सेट्सनी लोळवलं. १९९९ला खेळाडू ३२ झाले, तेव्हा गट गेले.